पायरी आणि पाण्याची वाट

पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या उतारांवर, भाताचे खाचर कोणाला आयते मिळत नाही. ते डोंगराच्या अंगातून काढावे लागते. तिथल्या महादेव कोळी समाजात या कामाला पडकई म्हणतात. सुगी आटोपली की काही घरची माणसे कुदळ, पहार, घमेली घेऊन एकत्र येतात. उताराची वरची बाजू खणायची, माती खाली ओढायची, खणताना निघालेले दगड खालच्या कडेला रचून ताल घालायची. आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. अशी जमीन हळूहळू पायरीपायरीने सपाट होते आणि जिथे वरई-नाचणीखेरीज काही पिकत नव्हते, तिथे भात उभा राहतो.

या कामातला जाणता माणूस सपाटीपेक्षा पाण्याकडे जास्त बघतो. खाचरात पाणी किती थांबवायचे, जास्तीचे कोणत्या कोपऱ्यातून खालच्या खाचरात सोडायचे, डोंगरावरून येणारी मूळची ओघळ कुठून जाऊ द्यायची, हे आधी ठरते. नुसते दगड रचलेली ताल पाणी झिरपू देते, म्हणून टिकते. पेरूमधल्या माचू पिचूच्या पायऱ्यांखालीही दगड आणि खडीचे थर सापडले आहेत. तिथला जोरदार पाऊस मातीतून झिरपून खाली निघून जावा, यासाठी ते घातलेले होते. एकमेकांचे नावही न ऐकलेली माणसे त्याच उत्तराशी पोचली, कारण उतारावर सपाट जागा करणाऱ्या प्रत्येकाला पाऊस तोच प्रश्न विचारतो.

३० जुलै २०१४ च्या सकाळी याच आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही, ही बातमी बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे. कारणांवर पुष्कळ वाद झाला. मुसळधार पाऊस होता, झिजलेल्या खडकावर मातीचा जाड थर होता. त्याचबरोबर उतारावर शेतीसाठी झालेले सपाटीकरण आणि पाण्याचा बिघडलेला निचरा यांकडेही भूवैज्ञानिकांनी बोट दाखवले. तेव्हापासून पडकई हा शब्दच संशयाचा झाला.

हा संशय पडकईवर अन्याय करणारा आहे. हाताने केलेल्या आणि यंत्राने केलेल्या पायऱ्या दुरून सारख्याच दिसतात. फरक वेगाचा आहे. माणसांच्या टोळीला एक तुकडा सपाट करायला आठवडे लागतात, नीट बसायला पुढचे पावसाळे लागतात. ताल कुठे फुगते, पाणी कुठे फुटते, ते दिसते आणि दुरुस्त होते. जेसीबी तेवढेच काम दिवसभरात उरकतो. सुटी माती उतारावर ढकलली जाते, ओघळी बुजतात, आणि चूक लक्षात यायला मधला पावसाळाच मिळत नाही. डिंभे धरणाने विस्थापित झालेल्या आदिवासींबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेने इथेच दगडी तालींची पडकई पुन्हा उभी केली, आणि २०१२ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. म्हणजे चांगले उदाहरण शोधायला परदेशी जायचे कारण नव्हते. ते माळीणच्या तालुक्यातच होते. शासनाने सपाटीकरणाला पैसे जरूर द्यावेत, पण मंजुरीच्या कागदावर पहिला नकाशा ओघळींचा आणि सांडव्यांचा असावा. किती क्षेत्र सपाट झाले, हा हिशोब त्यानंतरचा. फार तीव्र उतार तर सोडूनच द्यावेत.

या डोंगरांतले पाणी घोड आणि कुकडी या नद्यांना मिळते, पुढे कुकडी घोडला आणि घोड भीमेला. खाली आले की नदी स्वतःच पायऱ्या घडवताना दिसते. एका काळात ती गाळ साचवून रुंद पूरमैदान तयार करते. मग हवामान बदलते किंवा जमीन उचलली जाते, पात्र त्याच गाळात खोल कापत जाते आणि जुने मैदान काठावर उंच राहून जाते. सहसा वरची पायरी जुनी, खालची नवी. जुन्नर तालुक्यात बोरीजवळ कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ती राख सुमात्रातल्या टोबाची असल्याचे मानले जाते. तिच्या वयावरून संशोधक अजून भांडतात, कारण तिच्या सोबतीला आदिमानवाची दगडी हत्यारेही आहेत. नदीकाठची अशी दरड म्हणजे महाराष्ट्राचे सगळ्यात जुने दप्तर आहे, आणि वाळू-माती उपसणारे ते रोज थोडे थोडे ट्रकमध्ये भरून नेत आहेत. याची चीड पुरातत्त्वाच्या चार अभ्यासकांपुरती राहू नये.

घोडच्याच काठावर शिरूर तालुक्यातले इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे अनेक वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकरी राहत होते, बार्ली पिकवत होते. त्यांनी पुराच्या पाण्यासाठी बांध आणि चर काढल्याच्या खुणा मिळाल्या. नदीला लागून राहायचे तर तिच्या पाण्याची सोय करावी लागते, हे ते तीन हजार वर्षांपूर्वी ओळखून होते.

आज आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा आहे. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा नदीच्या पायऱ्याच कागदावर उतरवतात. सर्वांत खालची पायरी नदीने अजून सोडलेली नाही, एवढेच त्या सांगतात. तरी २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसले. तिथे घर घेणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सदनिकेचा नकाशा दाखवला गेला, पूररेषेचा नाही. खरेदीखताला पूररेषेचा नकाशा जोडणे सक्तीचे करायला फार मोठा कायदा लागणार नाही.

पाणी कुठून जाऊ द्यायचे, हा प्रश्न घराच्या माथ्यावरही उभा असतो. सोलापूर-मराठवाड्यात माळवदाची घरे होती: लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहायचे, संध्याकाळी वर माणसे बसायची, धान्य वाळायचे. पण गळती लागली की वर नवी माती पडायची आणि वर्षानुवर्षे माळवद जड होत जायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास ८,००० माणसे मेली, ती बहुतांशी जाड दगडी भिंती आणि याच जड छपरांखाली.

सिमेंटच्या गच्चीवर आज तसेच चालले आहे. गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर टाइल्स, त्यावर पत्र्याची शेड, टाक्या, मोबाइलचा टॉवर. पाणी तुंबते कुठे, उतार कोणत्या पन्हाळीकडे आहे, हे बघण्याऐवजी वजन वाढवले जाते. सोसायटीने नवा थर घालण्यापूर्वी जुना काढला का आणि स्लॅबची तपासणी केली का, हे वार्षिक सभेत विचारले गेले पाहिजे.

पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०,००० लिटर पाणी उतरते. थोडे वाया गेले तरी पन्नास हजार लिटरपेक्षा जास्त पाणी जमिनीत मुरवता येईल. बहुतेक ठिकाणी ते पाइपातून रस्त्यावर, रस्त्यावरून नाल्यात आणि धरणाचा विसर्ग चालू असतानाच नदीत जाते. मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संकलन नियमानेच बंधनकारक आहे. भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी शोषखड्डा दाखवलाही जातो. तो पाच वर्षांनी गाळाने भरला आहे की चालू आहे, हे महापालिकेने दर मे महिन्यात नालेसफाईसोबत तपासावे आणि निकाल प्रभागवार जाहीर करावा.