मिसरीला बंदी कोण घालणार?

महाराष्ट्रात गुटखाबंदी आली जुलै २०१२ मध्ये. तेव्हापासून ती दरवर्षी वाढवली जाते. अधूनमधून छापे पडतात, पेपरात बातमी येते. पण मैत्रिणींनो, या सगळ्या चर्चेत आपल्या बायांची मिसरी कुठेच नसते. ती कारखान्यात बनत नाही, आपल्याच चुलीवरच्या तव्यात भाजली जाते. आणि तिला व्यसन म्हणतंय कोण? 'दात घासते' म्हणायचं, झालं!

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला जातात. पहाटे तीन-चारला उठायचं, भाकरी थापायच्या, मग दिवसभर फडात मोळ्या वाहायच्या. अशा वेळी चिमूटभर मिसरीनं भूक मरते, अंगात तरतरी आल्यासारखी वाटते. ही सगळी निकोटीनची करामत. तलफ लावतं तेही निकोटीनच. पण कॅन्सर करणारी मुख्य द्रव्यं वेगळी आहेत.

त्यांचं नाव नायट्रोसामाइन. तंबाखूच्या हिरव्या पानात ती अगदी थोडी असतात. पान सुकवताना, मुरवताना, साठवताना त्यातले सूक्ष्म जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्याचा निकोटीनसारख्या द्रव्यांशी संयोग होऊन ही विषं तयार होतात. त्यातली एनएनएन आणि एनएनके ही दोन सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००७ मध्ये त्यांना माणसात कॅन्सर करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्याच गटात टाकलं. तोंडात ठेवलेल्या तंबाखूतून ती लाळेत उतरतात, रक्तात जातात, शरीरात त्यांचं रूप बदलतं आणि ती पेशींच्या गुणसूत्रांनाच चिकटतात. नुसतं बघून किंवा चव घेऊन ती ओळखता येत नाहीत.

'भाजली म्हणजे तिचं विष जळालं' असं बायका सांगतात. ते खरं नाही. उलट पान जळताना धुरातल्यासारखी आणखी कॅन्सरकारक द्रव्यं त्यात भरतात. मग ही काळी पूड हिरड्यांवर चोळून बाई तासभर तोंडात धरून कामं उरकते.

पोटुशीनं तर मिसरीच्या वाऱ्यालाही जाऊ नये. मुंबईतल्या बाराशेहून जास्त गरोदर बायांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू लावणाऱ्या, खाणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. यातल्या बहुतेक जणी मिसरीवाल्याच होत्या.

आता कायद्याचं बघा. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा छापायचा नियम २०१६ पासून आहे. पण आठवडी बाजारात कागदात बांधून मिळणाऱ्या सुट्या तंबाखूवर कसला इशारा? गुटखाबंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे, साधी पानाची तंबाखू तिच्यात येत नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत राज्यातल्या साधारण दर सहा बायांमागे एक जण बिनधुराची तंबाखू वापरताना आढळली. एवढ्या बायांपर्यंत ना छापा पोचतो, ना छापील चित्र. म्हणजे हे काम पोलिसांचं नाही, आशाताई, अंगणवाडी ताई आणि आपल्या बचत गटांचं आहे. ऊसतोडीला निघण्याआधी गावातच सगळ्यांची तोंडं तपासली गेली पाहिजेत, ही मागणी ग्रामसभेत आपणच लावून धरायला हवी.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तोंड पूर्ण उघडेना, तिखट सोसेना, तर अंगावर काढू नका. तिशीच्या पुढच्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पुढच्या तपासणीला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही आपल्याला जवळ आहे.

मिसरी सोडताना सुरुवातीचे दिवस जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. ते हळूहळू कमी होतं. सकाळी कोमट पाणी प्या, दातांना कडुनिंबाची काडी किंवा ब्रश वापरा. १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फुकट सल्ला मिळतो. आणि एक करा, एकटीनं सोडू नका. गटातल्या दोघी-तिघींनी मिळून ठरवा. आणि लेकीबाळींना मिसरी भाजायला तव्यापाशी बसवू नका. सवय तिथूनच लागते.