थोडं देणं बाकी राहू द्या

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात घराला घर लागून नसतं. ज्याचं शेत ज्या उतारावर, त्याचं घर तिथेच. एकाच पाड्यातल्या दोन घरांमध्ये कधी नाला आडवा येतो, कधी टेकडी. तरी नवं घर बांधायला निघालेला माणूस इथे एकटा पडत नाही. तो घरोघर जाऊन सांगून येतो आणि ठरल्या सकाळी कुऱ्हाडी-कोयते घेऊन माणसं हजर होतात. भिल्ल-पावरा समाजातली ही रीत म्हणजे ‘लाह’. कुणी सागाचे खांब रोवतं, कुणी बांबू चिरून कूड विणतं, बाया शेणामातीने तो लिंपतात. मजुरी कुणी घेत नाही. घरधन्याने सगळ्यांना भाकरी-डाळ पोटभर घालायची आणि पुढे त्यांचं बोलावणं आलं की जायचं. निंदणी-कापणीलाही हेच. सावड, इर्जिक ही महाराष्ट्रात इतरत्र चालत आलेली लाहचीच भावंडं.

या रीतीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मागणं. मदत मागायला जाणाऱ्याला तिथे कमीपणा वाटत नाही. आपल्या कॉलन्यांमध्ये मात्र ‘काही लागलं तर सांगा’ असं सगळेच म्हणतात, आणि सांगत कुणीच नाही. दवाखान्यात रात्र काढायची वेळ आली तरी शेजाऱ्याला सकाळीच कळतं. कुणाचे उपकार नकोत, म्हणून आपण पैसे मोजून मोकळे होतो. पैसे दिले की हिशेब मिटतो, आणि हिशेब मिटला की पुन्हा दारात येण्याचं कारणही उरत नाही. लाहमध्ये कुणाचं ना कुणाचं देणं कायम बाकी असतं, म्हणून येणं-जाणंही कायम राहतं.

या रीतीवर आज ताण आहे. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. पाड्यावर म्हातारी माणसं उरतात. लाहला हात आणायचे कुठून? पण होळीला माणसं परततात. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार गजबजतो, काठी गावच्या राजवाडी होळीत उंचच उंच बांबू शेकडो हातांनी उभा राहतो. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी पेटतात. त्यामुळे आपण त्यांच्या होळीला जायचं, त्यांनी आपल्या होळीला यायचं, हे जमून येतं. इथेही नियम तोच आहे: गेलात, तर ते येतील.

आपल्याला घर बांधायला गाव बोलवायची गरज उरलेली नाही. पण शिडी मागता येते. तासभर मुलाला शेजारी सोडता येतं. घरच्या कार्यात वाढायला चार जणांना हक्काने बोलावता येतं. आधी आपण मागावं, संकोच न करता. फेडीची घाई करू नये. आणि त्यांची हाक आली की हातातलं काम बाजूला ठेवून निघावं.