उरलेले १५८

अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल संघासाठी एक सहप्रशिक्षक नेमला आणि त्या राज्यात वाग्युद्ध पेटले. एका सहप्रशिक्षकाच्या नेमणुकीवरून एवढे रण माजावे याचे आपल्याकडील वाचकास नवल वाटेल. आम्ही त्या वादाकडे वळलो ते खेळाच्या प्रेमाने नव्हे. अंगावर चिलखत चढवून, चेंडू हातात धरून पळायचा आणि तरीही ज्याला ती मंडळी फुटबॉल म्हणतात, तो खेळ आम्हांस जेमतेम कळतो. परंतु 'नेमणूक' हा शब्द आम्हांस चांगला कळतो. 'क्षमा' हा शब्द माणसे कोणत्या सोयीने वापरतात हेही थोडेफार कळते. या वादात पहिल्या शब्दाची जागा दुसऱ्याने बळकावली, अशी आमची तक्रार आहे आणि ती येथे मांडावयाची आहे.

प्रथम त्या राज्याविषयी. आर्कान्सात अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. त्यामुळे फेएटव्हिल येथील विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ. त्याचे नाव रेझरबॅक्स, म्हणजे रानडुकरे. आणि सत्तर हजारांहून अधिक माणसे मावणाऱ्या मैदानात डुकरांना साद घालण्याची जुनी खेडवळ आरोळी एका सुरात उठते. वॉलमार्टच्या मुख्यालयापायी जवळच्या बेंटनव्हिलला वस्ती करून राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही हंगामातला शनिवार कोणाच्या मालकीचा असतो हे एव्हाना ठाऊक झाले आहे. अशा ठिकाणी प्रशिक्षक म्हणजे केवळ क्रीडाशिक्षक नव्हे. तो गादीवर बसलेला असतो.

त्या गादीवर २००८ ते २०११ असे चार हंगाम बॉबी पेट्रिनो बसले होते. ते आले तेच एक गादी सोडून. डिसेंबर २००७ मध्ये अटलांटाच्या व्यावसायिक संघाचा हंगाम अर्धवट टाकून, खेळाडूंसाठी एक छोटीशी चिठ्ठी ठेवून ते निघाले होते. आर्कान्सात मात्र त्यांनी यश दिले. २०१० मध्ये १० विजय, २०११ मध्ये ११ विजय आणि हंगामाअखेरच्या राष्ट्रीय क्रमवारीत पाचवा क्रमांक. आक्रमणाची आखणी हा त्यांचा हातखंडा, आणि ही गोष्ट त्यांचे शत्रूही नाकारीत नाहीत.

मग १ एप्रिल २०१२ रोजी एका ग्रामीण रस्त्यावर त्यांची मोटारसायकल घसरली. बरगड्या मोडल्या. दोन दिवसांनी मानेला पट्टा बांधून, सुजलेल्या चेहऱ्याने ते वार्ताहरांसमोर आले. गाडीवर आपण एकटेच होतो असा समज त्यांनी आरंभी पसरू दिला. पोलिसांचा अहवाल बाहेर येण्याची वेळ आली तेव्हा मागे एक तरुणी बसली होती हे कळले. ती २५ वर्षांची, याच विद्यापीठाची माजी व्हॉलीबॉलपटू आणि अपघातापूर्वी काही दिवसच फुटबॉल विभागात नोकरीस लागलेली. दोघांचे संबंध होते. त्यांनी तिला २० हजार डॉलर दिलेले होते. आणि त्या नोकरीसाठी आलेल्या १५९ अर्जांतून तिची निवड त्यांनीच केली होती. १० एप्रिल रोजी क्रीडासंचालक जेफ लाँग यांनी त्यांना काढून टाकले. करारातील भरपाईही दिली नाही. काढण्याच्या कारणांत लाँग यांनी स्पष्टपणे सांगितले होते की हा संबंध लपवून त्या उमेदवाराला अनुचित लाभ दिला गेला आणि वरिष्ठांची दिशाभूल झाली.

वाचकांनी १५९ हा आकडा ध्यानात ठेवावा. आर्कान्साच्या चाहत्यांनी तो ध्यानात ठेवला नाही.

पुढची अकरा वर्षे त्या संघास फारशी सुखाची गेली नाहीत. २०१८ आणि २०१९ या लागोपाठच्या दोन हंगामांत प्रत्येकी दोनच विजय मिळाले. मग आलेल्या सॅम पिटमन यांनी संघाला काही काळ उभे केले, परंतु २०२३ चा हंगाम पुन्हा ४ विजय आणि ८ पराभव असा संपला; आक्रमणाचा प्रमुख तर हंगाम चालू असतानाच काढावा लागला. त्या रिकाम्या जागी पिटमन यांनी पेट्रिनो यांना बोलावले. एकेकाळचा धनी त्याच वाड्यात कारभारी म्हणून परत आला.

चाहत्यांचे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, बारा वर्षे उलटली, माणसाने किंमत मोजली, २०१९ मध्ये लिटल रॉक येथे चाहत्यांपुढे उभे राहून माफीही मागितली. आता घरी येऊ द्यावे. दक्षिणेतल्या त्या धर्मनिष्ठ मुलखात उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येकाला पाठ असते, तेव्हा ती या वादात येणे अटळच होते. दुसरा तट म्हणे की, ज्याने बायकोशी प्रतारणा केली आणि राज्याला हसे केले त्याला पुन्हा दारात उभे करू नये. एका तटाने दया पुढे केली, दुसऱ्याने शील. आणि दोघेही मनापासून बोलत होते याविषयी आम्हांस शंका नाही. आमचा आक्षेप असा की दोघांनीही चुकीच्या गुन्ह्याचा खटला चालविला.

विवाहबाह्य संबंध हा पेट्रिनो, त्यांची पत्नी आणि त्यांचे कुटुंब यांचा प्रश्न होता. त्यांनी तो त्यांच्या घरात सोडविला असेल वा नसेल. चाहत्यांना त्यात क्षमा करण्याचा अधिकार नव्हता, तसा क्षमा नाकारण्याचाही नव्हता. जी गोष्ट सार्वजनिक होती, जिच्यात विद्यापीठाचे नाव, जाहिरात आणि सरकारी संस्थेची विश्वासार्हता गुंतली होती, ती म्हणजे एक नोकरी. १५९ माणसांनी अर्ज केले. त्यांतील १५८ माणसांना हे माहीत नव्हते की निवड करणारा आणि निवडली जाणारी यांच्यामध्ये जाहिरातीच्या आधीच काही ठरले असू शकते.

आता क्षमेचा साधा नियम पाहा. ज्याचे नुकसान झाले त्याने क्षमा करावयाची असते; शेजाऱ्याने नव्हे. मग चाहते कशाची क्षमा करीत होते? आमचे उत्तर कटू आहे, पण ते देणे भाग आहे. त्यांचे स्वतःचे जे नुकसान झाले होते त्याची. २०१२ चा हंगाम सुरू होण्यापूर्वी राष्ट्रीय पातळीवर अपेक्षा उंचावलेल्या होत्या आणि ऐनवेळी सेनापती गेला. तो हंगाम ४ विजय आणि ८ पराभवांत बुडाला. चाहत्यांच्या मनातला खरा सल हा होता. या माणसाने आमचे सामने घालविले! तो सल बारा वर्षांनी निवाला, कारण तोच माणूस सामने जिंकून देईल अशी आशा दिसली. याला देण्याघेण्याची मिटवामिटवी म्हणावे, क्षमा म्हणू नये. विरोधी तटाचेही तेच. त्यांना लाज वाटत होती ती राज्याच्या नाचक्कीची. त्यांच्याही तोंडी ते १५८ नव्हते.

असे का घडावे? साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. त्या प्रकरणाला एक चित्र मिळाले. मोटारसायकल, मानेचा पट्टा, मागे बसलेली तरुणी. यात प्रहसन आहे, प्रणय आहे, पतन आहे आणि पुनरागमनाची सोयही आहे. अर्जांच्या गठ्ठ्याला असे चित्र नसते. लोकस्मृती चित्र ठेवते आणि कागद टाकून देते. म्हणून त्या प्रकरणातून विनोद जन्मले, मोटारसायकलीची थट्टा वर्षानुवर्षे चालली, ती तरुणी तर कित्येकांच्या लेखी त्या विनोदाचा शेवटचा शब्द होऊन बसली. तिने एप्रिल २०१२ मध्येच राजीनामा दिला. पेट्रिनो यांना त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षकपद मिळाले. ती निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. लाभ तिलाही झाला होता. परंतु निवडीची सही कोणाच्या हाती होती आणि दुसरी संधी कोणाच्या वाट्याला किती लवकर आली, हे दोन प्रश्न शेजारी मांडून पाहावेत.

आम्ही या आकड्यापाशी इतका वेळ का थांबलो, असे कोणी विचारील. अध्यापनाच्या व्यवसायात वीसेक वर्षे काढलेल्या माणसाला हे विचारण्याची गरज पडू नये. मुलाखतीच्या दालनाबाहेरचा तो बाक आम्हांस ठाऊक आहे. रात्रीच्या एस.टी.ने आलेले, मांडीवर मूळ प्रती आणि साक्षांकित प्रतींच्या फाइली धरून बसलेले उमेदवार. कोणी नेट झालेला, कोणी पीएच. डी., कोणी दहा वर्षे तासिका तत्त्वावर राबलेला. आणि त्यांच्यातच एक जण असा, की ज्याला शिपाई नावाने ओळखतो आणि आतला कारकून 'बसा, बसा' म्हणतो. बाकीच्यांना त्या क्षणी सारे कळते. तरीही ते आत जातात, प्रश्नांची उत्तरे देतात, आभार मानून बाहेर पडतात आणि परतीची गाडी पकडतात. आतील मंडळींचे पुढे काय होते? बहुधा काहीच नाही. क्वचित एखादा पकडला जातो, तेव्हा चार वर्षांनी त्याचा सत्कार होतो आणि सत्काराच्या भाषणात त्याच्या कार्याचा गौरव होतो. बाकावरच्यांना त्या सत्काराचे निमंत्रण नसते. आर्कान्सातील त्या १५८ जणांनी एस.टी. पकडली नसेल, त्यांनी टपालाने वा संगणकावरून अर्ज केले असतील. पण तो बाक तोच आहे.

'म्हणजे माणसाला जन्मभर दारे बंद ठेवायची काय?' हा प्रश्न येणारच, आणि तो टाळण्यासारखा नाही. आमचे उत्तर नकारार्थी आहे. पेट्रिनो यांना काम मिळू नये असे आम्ही म्हणत नाही, आणि वस्तुतः काम त्यांना कधी कमी पडलेही नाही. लुइव्हिलला त्यांनी पुन्हा पाच हंगाम काढले. त्यांच्या हाताखाली लमार जॅक्सन २०१६ चा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. नेवाडातील लास व्हेगासच्या विद्यापीठात डिसेंबर २०२२ मध्ये रुजू होऊन काही आठवड्यांतच ते टेक्सास ए अँड एमला निघून गेले. दारे बंद होती असे म्हणणे हाच मुळी विनोद आहे. प्रश्न दाराचा नव्हता, अटींचा होता. ज्या विद्यापीठात निवडीचा अधिकार विकृत केला गेला त्याच विद्यापीठात त्या माणसाला परत घेताना निवडीविषयी, सहीविषयी, त्याच्यावर देखरेख कोणाची याविषयी चाहत्यांनी जाब विचारावयास हवा होता. त्यांनी विचारले ते असे की याचे आक्रमण या खेळाडूंना झेपेल काय, आणि पिटमन यांची खुर्ची तो ओढून घेईल काय.

शेवटचा प्रश्न मात्र चतुर होता, हे मान्य केले पाहिजे. २०२४ मध्ये संघाने ७ सामने जिंकले आणि क्षमावादी तट प्रसन्न झाला. २०२५ मध्ये नोत्र दामकडून घरच्या मैदानावर ५६-१३ असा दारुण पराभव झाल्यावर २८ सप्टेंबर रोजी पिटमन यांना काढण्यात आले आणि हंगामापुरते मुख्य प्रशिक्षकपद पेट्रिनो यांच्याकडे आले. त्यानंतरचे सातही सामने संघ हरला. काही अगदी निसटते होते, एल. एस. यू.कडून तर एका गुणाने हार झाली. नोव्हेंबर संपता संपता विद्यापीठाने मेंफिसहून रायन सिल्व्हरफील्ड यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले. तेव्हा विरोधी तटाने 'आम्ही सांगत नव्हतो?' असा सूर लावला, आणि येथे आमचे त्या तटाशीही भांडण आहे. सात पराभवांनी काय सिद्ध झाले? तो एक गुण उलट बाजूला पडला असता, टेक्सास ए अँड एमविरुद्धचे तीन गुण भरून निघाले असते, तर २०१२ ची ती निवड न्याय्य ठरली असती काय? गुणफलकावर नीतीचा हिशेब मांडणारे दोन्ही तट शेवटी एकाच पंक्तीला जेवत होते.

ज्या घटनेने आमच्या मते हा वाद नव्याने सुरू व्हावयास हवा होता, ती या गदारोळात विरून गेली. हंगामी पद हाती येताच पेट्रिनो यांनी बचावाच्या बाजूचे तीन सहप्रशिक्षक कामावरून दूर केले. निर्णय क्रीडादृष्ट्या योग्य असेल; त्या बाजूची दुर्दशा सर्वांना दिसत होती. परंतु २०१२ मध्ये ज्या हातातून नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार त्याच्या गैरवापरामुळे काढून घेतला होता, तो त्याच विद्यापीठात, त्याच हातात, सहप्रशिक्षकपदाच्या मागील दाराने परत आला होता. २०२३ च्या नोव्हेंबरात दया आणि शील यांवर घसा कोरडा करणाऱ्या तटांना ही शक्यता दिसावयास हरकत नव्हती. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची डळमळत आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि तिच्या शेजारी कोणाला बसविले जात आहे हेही.