साडेपाच हजारांचा मॉनिटर

"ताई, ऊठ ना! चोवीस इंची, १४४ हर्ट्झ, फक्त साडेपाच हजार!" रविवारी सकाळी साडेसातला हे ऐकून कुणीही चादर डोक्यावर ओढून घेईल. मीही घेतली.

माझा धाकटा भाऊ बेंगळुरूला माझ्याकडे राहून इंजिनिअरिंग करतो. खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना गणित शिकवून पाच महिन्यांत त्याने सहा हजार साठवले होते. आमच्या भागातला एक गेमिंग कॅफे बंद होत होता आणि मालकाने मॉनिटर विकायला काढले होते. फोनवर आईचं एकच, "डोळ्यांची वाट लागेल." माझी भीती वेगळी होती. पहिल्या पगारातून मी एक जुना फोन घेतला होता. अकराव्या दिवशी तो बंद पडला, आणि त्याच दिवशी विकणाऱ्याचा नंबरही! माझे पैसे गेले ते गेले, पण याचे जाऊ नयेत.

तरी नाही म्हणण्याआधी हिशेब करायचं ठरवलं. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. ६० हर्ट्झला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ला ६.९. सिनेमा बघताना याचा फारसा फायदा नाही, पण धावत्या शत्रूवर नेम धरायचा असेल तर फरक लगेच जाणवतो. मात्र कॉम्प्युटरलाही तेवढी चित्रं बनवता आली पाहिजेत. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला पन्नासच देत असेल, तर १४४चा मॉनिटर घेणं म्हणजे गल्लीतून रेसिंगची बाईक चालवणं. तुमच्याकडे प्लेस्टेशन ४ असेल तर विचारही करू नका, ते ६०च्या वर जातच नाही. भावाच्या डेस्कटॉपमध्ये जीटीएक्स १६५० कार्ड आहे. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमला, सेटिंग खाली ठेवलं, की ते पुरतं.

"सात-आठ हजारांत नवा १०० हर्ट्झचा येतो, वर तीन वर्षांची वॉरंटी. दोन महिने थांब की," मी म्हटलं.

"पुढच्या महिन्यात त्यांच्या परीक्षा संपतात. मग शिकवणी बंद. पैसे कुठून येणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एकच अट घातली : आपला सीपीयू सोबत न्यायचा. टॉवेलात गुंडाळून, ऑटोत मांडीवर घेऊन आम्ही निघालो. वॉचमन काका बघतच राहिले.

अट कामी आली. मालकाने एचडीएमआय केबल लावली, मॉनिटर मस्त सुरू झाला. भाऊ खूश! मी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं तर तिथे ६०च. बऱ्याच जुन्या मॉनिटरांचं असं असतं, पूर्ण वेग हवा तर डिस्प्लेपोर्टची केबल लागते. मालकाने ड्रॉवर उपसून ती शोधली, तेव्हा कुठे १४४ दिसले.

मग मी आदल्या तासात पेंटमध्ये बनवलेली साधी चित्रं पूर्ण पडद्यावर लावली. नुसता काळा, नुसता पांढरा, लाल, हिरवा, निळा. खाली उजवीकडे एक ठिपका मेलेला निघाला, तो चालण्यासारखा होता. शेवटी राखाडी लावला आणि वर डाव्या कोपऱ्यात एक फिकट चौकोन दिसला. कॅफेत रोज दहा-बारा तास तोच गेम चालायचा, नकाशा कायम त्याच जागी. त्याची सावली पडद्यात उतरली होती.

मालकाने फडक्याने पुसून पाहिलं. खरं तर त्यालाही कळलं होतं की ती धूळ नाही. इतकी वर्षं रोज पुसलेले मॉनिटर असे एकेक करून द्यायचे, मला त्याचं वाईटच वाटलं. तरी मी सीपीयूची वायर काढायला लागले.

"ताई, थांब," भाऊ म्हणाला. "मी पण तोच गेम खेळतो. मला तरी त्या कोपऱ्यात काय दिसणार आहे? नकाशाच ना!"

मला हसू आवरेना. मालकही हसला आणि तिथेच भाव उतरला. अर्धा तास मॉनिटर चालू ठेवायला लावला. कधीकधी तापल्यावर पडदा लुकलुकतो किंवा आतून गुणगुण येते, यातलं काही झालं नाही. चार हजार, केबलसकट. मागच्या लेबलवरचा सिरियल नंबर आणि तारीख कागदावर लिहून मालकाची सहीही घेतली. जुन्या फोनने एवढं शिकवलं होतं.

हा लेख मी त्याच मॉनिटरवर लिहितेय. पांढऱ्या पानावर चौकोन दिसत नाही. वॉलपेपर तेवढा भावाने बदलून काळा लावलाय, आणि आईला व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवताना तो डाव्या कोपऱ्यासमोर उभा राहतो.