मोटर ट्रिप झाली, जळली नाही

कारखान्यातल्या पाळीच्या वहीत 'फेल' हा शब्द एकटा येत नाही. काय फेल, कशात फेल, किती वाजता, हे सोबत लिहावंच लागतं. महाड औद्योगिक वसाहतीत, बिरवाडीच्या अंगाला, रसायनांचे आणि औषधी द्रव्यांचे जे कारखाने आहेत, तिथे पाळी बदलताना एक माणूस दुसऱ्याला काय सांगतो ते बघा. मोटर 'ट्रिप' झाली, म्हणजे तिच्यावर भार जास्त आला आणि वीज आपोआप तुटली, मोटर वाचली. मोटर 'जळली', म्हणजे ती गेली, आता वाइंडिंगला पाठवा. माल 'ऑफ-स्पेक' आला, म्हणजे शुद्धता ठरल्या आकड्याच्या खाली राहिली. तो 'रीवर्क'ला टाकता येईल का, हा पुढचा प्रश्न, आणि नाहीच जमलं तर मग 'रिजेक्ट'. पंप 'ब्रेकडाउन'ला आहे आणि पंप 'मेन्टेनन्स'ला आहे, ही दोन वाक्यं ऐकून नव्या पाळीचा माणूस दोन वेगळी कामं हाती घेतो. या भाषेत सौंदर्य शोधायला कोणी जाणार नाही. पण बिघाडाच्या प्रत्येक प्रकाराला तिच्यात वेगळा शब्द आहे आणि त्या शब्दातच पुढे काय करायचं ते दडलेलं आहे.

आता याच परिसरातल्या मुलाच्या हाती येणाऱ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेकडे वळू. राज्य मंडळाने गेल्या दशकात 'अनुत्तीर्ण' हा शेरा टप्प्याटप्प्याने हटवला आणि त्याच्या जागी दोन शेरे आणले: 'पुनर्परीक्षेस पात्र' आणि 'कौशल्य विकासास पात्र'. केंद्रीय मंडळानेही २०२० मध्ये 'फेल' पुसून 'एसेन्शियल रिपीट' असं लिहायचं ठरवलं. यातला पहिला शेरा मला मनापासून पटतो. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैतच होऊ लागली होती, त्यामुळे 'पुनर्परीक्षेस पात्र' ही नुसती समजूत राहिली नाही, ती खरी माहिती झाली. दुसऱ्या शेऱ्याचं मात्र काय करावं? ज्याचे जास्त विषय राहिले तो 'कौशल्य विकासास पात्र'. ज्याला सगळे विषय जमले तो अर्थातच त्यास पात्र नाही! महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांत, जिथे फिटर, वेल्डर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि बॉयलर अटेंडंट यांच्या पगारावर घरं उभी आहेत, तिथे सरकारी कागदाने कौशल्य हा शब्द नापासाचा प्रतिशब्द करून टाकला. बॉयलर अटेंडंटला सरकारी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं आणि त्या परीक्षेतही माणूस नापास होऊ शकतो. मग त्याला कशास पात्र म्हणायचं?

गोड शब्द फार दिवस गोड राहत नाहीत, याचा पुरावा आपल्याच शिक्षणात आहे. 'एटीकेटी' या अक्षरांचा मूळ अर्थ पुढच्या वर्गात बसण्याची मुभा, म्हणजे सवलत. आज कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कट्ट्यावर कान द्या: 'दोन केट्या लागल्या', 'मॅथ्सची केटी निघाली'. सवलतीचं नाव नापास झालेल्या विषयाला चिकटलं, त्याचं मराठी अनेकवचन झालं आणि क्रियापदही आलं. ज्या गोष्टीची लाज वाटते तिला नवं नाव दिलं की लाज जुन्या नावावरून उठून नव्या नावावर जाऊन बसते. 'कौशल्य विकासास पात्र' याच वाटेने जाणार. फरक एवढाच, की एटीकेटी बदनाम झाली तेव्हा कोणाच्या रोजीरोटीचा शब्द बदनाम झाला नव्हता.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. निकालाच्या दिवशी एका शब्दाने मुलं कोसळतात, जिवाचं बरंवाईट करून घेतात. अशा वेळी शब्दाच्या नेमकेपणाचा आग्रह धरणं निर्दयपणाचं नाही का? आक्षेपामागची काळजी खरी आहे. पण मूल कोसळतं ते 'नापास' हा शब्द निव्वळ कडू आहे म्हणून नव्हे. तो शब्द सगळ्या मुलाला गिळतो म्हणून. चार गुण कमी पडलेला आणि चार विषय राहिलेला, वर्षभर आजारी असलेला आणि वर्षभर उनाडलेला, सगळे एकाच पोत्यात जातात. शब्द गोड केला तरी पोतं तेच राहतं. गुणाचा आकडा शेजारच्या रकान्यात छापलेला असतोच, मुलाला तो वाचता येतो आणि शेजाऱ्यांनाही. उलट काय कमी पडलं, किती कमी पडलं, ते कसं भरून निघेल हे सांगणारा शब्द मुलाच्या हाती पुढच्या कामाचा दोर देतो. निर्दय म्हणायचंच तर कशाच्याही कामी न येणाऱ्या शब्दाला म्हणावं.

गंमत अशी की ही नेमकी भाषा आपल्याला कुठून आणायची नाही, ती घरात आहे. 'गणित राहिलं' असं मूल म्हणतं, तेव्हा त्या वाक्याचा कर्ता गणित आहे. मूल जिथल्या तिथे शाबूत आहे, मागे राहिलंय ते गणित. पुढच्या खेपेला 'गणित निघालं', की विषय मिटला. बोलणी फिसकटतात, बेत बारगळतो, युक्ती अंगलट येते, माणूस तोंडघशी पडतो, उत्साह ओसरतो, मेहनतीचं चीज होतं, काम तडीस जातं. यातलं एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. बारगळलेला बेत पुन्हा उचलता येतो. अंगलट आलेल्या युक्तीची आधी भरपाई करावी लागते. तड म्हणजे काठ. सावित्री आणि काळ या नद्यांच्या काठच्या माणसाला काम तडीस नेणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. याउलट शाळेतल्या इंग्रजीने दिलेला 'फेल' हा विशेषणासारखा माणसाला चिकटतो: 'मी फेल आहे', आणि त्याचं आणखी बिघडलेलं रूप 'आय ॲम फेल'. इंग्रजीत हे वाक्यच नाही. इंग्रजीतही 'फेल' हे आधी क्रियापद आहे, एका वेळी एका ठिकाणी घडलेली घटना. माणसाचा स्वभाव सांगायला आपण ते वापरतो, तो दोष आपल्या शिकवण्याचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की महाड-पोलादपूरच्या मुलांना नोकरीसाठी आणि परीक्षेसाठी जे इंग्रजी शिकवलं जातं, त्यात यशापयशाचे शब्द मुद्दाम, मराठी क्रियापदांचा हात धरून शिकवावेत. दूर स्पेनमधल्या मुलांनाही इंग्रजी शिकताना त्यांची भाषा नेमकी इथेच फसवते. त्यांच्याकडे यशाला 'एक्सितो' म्हणतात, तो शब्द इंग्रजी 'एग्झिट'चा भाऊबंद. मुळात अर्थ बाहेर पडणं. (आपला 'निकाल' तरी काय वेगळा? तोही बाहेर निघण्यातूनच आला, आणि 'त्याचा निकाल लागला' म्हटलं की पास की खलास, हे सुरावरून ठरतं.) परीक्षेत नापास होणं याला स्पेनमध्ये 'सुस्पेन्देर' म्हणतात, आणि तिथला विद्यार्थी इंग्रजीत 'मी परीक्षा सस्पेंड केली' असं सांगून बसतो. आपले सापळे निराळे. आपण पदवी घेतलेल्याला 'पासआउट' म्हणतो, इंग्लंडमध्ये त्याच शब्दाचा अर्थ बेशुद्ध पडला. आपण 'ऑपरेशन सक्सेस झालं' म्हणतो, तिथे नामाआधी 'अ' तरी लागतो, नाहीतर नामाऐवजी विशेषण. आणि एक सापळा तर निव्वळ लिपीचा आहे. 'फॉल शॉर्ट' म्हणजे कमी पडणं, मराठीशी शब्दाला शब्द जुळणारा प्रयोग. पण त्याचा भूतकाळ देवनागरीत लिहिला की 'फेल शॉर्ट' होतो. पडणं आणि नापास होणं ही दोन वेगळी इंग्रजी क्रियापदं आपल्या वहीत एकसारखी दिसू लागतात. मुलाखतीत 'आय फेल शॉर्ट बाय फोर मार्क्स' म्हणणारा मुलगा आपल्याला नापासाची कबुली देतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो नेमका हिशेब देत असतो.

'सुस्पेन्देर' या स्पॅनिश क्रियापदाचा दुसरा अर्थ तहकूब करणं, आणि त्या दुहेरी अर्थापाशी महाडमध्ये थोडं थांबायलाच हवं. तहकूब होणं आणि नापास होणं यांत किती अंतर असू शकतं, हे या गावाला जेवढं ठाऊक आहे तेवढं क्वचितच कोणाला असेल. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचं पाणी घेतलं गेलं. डिसेंबरात पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं असताना न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला आणि जमलेल्या परिषदेने सत्याग्रह तहकूब केला. विरोधकांना तेव्हा ती माघार वाटली असेल. परिषदेने मात्र मागणी सोडली नव्हती, फक्त तारीख सोडली होती. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं आणि खटला चालू राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. त्या दहा वर्षांना 'फेल' म्हणायचं की 'पोस्टपोन्ड', हा प्रश्न शब्दसंग्रहाच्या पुस्तकातला राहत नाही. चुकीचा शब्द निवडला तर इतिहासच चुकतो.

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. इंग्रजीच्या क्लासमध्ये 'पिरिक व्हिक्टरी'चा अर्थ 'गड आला पण सिंह गेला' असा सर्रास सांगतात. तो पुरता बरोबर नाही. ज्याच्या नावावरून हा प्रयोग आला त्या पिरस राजाच्या विजयात एवढं सैन्य खपलं की असा आणखी एक विजय त्याला पराभवाइतकाच महाग पडला असता. तिथे विजयच फसवा आहे. १६७० मध्ये कोंढाणा खरोखर हाती आला होता आणि तानाजी गेल्याचं दुःखही खरं होतं. दोन्ही एकाच वाक्यात न लपवता सांगण्याची सोय आपल्या म्हणीत आहे. पर्याय निवडायच्या प्रश्नपत्रिकेत हा फरक कोणी विचारत नाही, पण निबंधात आणि मुलाखतीत तो उपयोगी पडतो.

आता व्यवहारी माणसाचा आक्षेप. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं इंग्रजी व्याकरणातल्या काळांशी अजून झगडतंय, त्याच्यावर हे नखरे कशाला? शिवाय कारखान्याच्या मजल्यावर उत्तरेतून आणि ओडिशातून आलेल्या कामगारांशी हिंदीच बोलायची असते. बोलण्यापुरतं हे खरं आहे. पण कागद हिंदीत नसतो. काम कसं करायचं त्याची लेखी पद्धत, बॅचची नोंद, काही वेगळं घडलं तर त्याचा अहवाल, हे बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतं आणि बढतीची वाट त्या कागदावरून जाते. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्यालाही अभ्यास बहुतांशी इंग्रजीतूनच करावा लागतो. आणि मी मागतोय ते नखऱ्याचे वाक्प्रचार नव्हेतच. साहेबी कादंबऱ्यांतले अलंकारिक प्रयोग खुशाल वगळा. बेत बारगळला तर 'फॉल थ्रू', अंगलट आलं तर 'बॅकफायर', काठावर सुटला तर 'स्क्रेप थ्रू', चीज झालं तर 'पे ऑफ', अशी वीस-पंचवीस क्रियापदं पुरतात. ज्याला मराठीतले फरक कळतात त्याला ती महिन्याभरात येतात, कारण अर्थ त्याला नव्याने शिकायचा नसतो, फक्त आवाज शिकायचा असतो. व्याकरण आधी आणि शब्द नंतर हा क्रमही मला पटत नाही. सांगण्यासारखं काही हातात असलं की काळ सुधारायची गरज मुलाला आपोआप वाटते.

या सगळ्याचा कस लागतो तो एका साध्या छापील अर्जावर. कारखान्यात अपघात होता होता टळला, तर त्याला 'नियर मिस' म्हणतात आणि त्याची नोंद करायची असते. शब्द फसवा आहे. नवशिक्या त्याचा अर्थ 'जवळजवळ चुकलं' असा लावतो, म्हणजे आपली चूक, म्हणजे लपवायची गोष्ट. मराठीत आपण म्हणतो 'थोडक्यात वाचलो', आणि अर्थ बरोबर तोच. याच वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये एका कारखान्यातल्या स्फोटात आणि आगीत कामगारांचे जीव गेले आहेत. टळलेल्या प्रसंगांची नोंद इथे किती मोलाची, हे सांगत बसायला नको. त्या अर्जात काय झालं ते लिहायला मोजक्या ओळी असतात. त्यावर 'प्रॉब्लेम झाला, सॉल्व्ह केला' असंही इंग्रजीत लिहिता येतं. किंवा असं: व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला नाही, दाब चढत होता, गजर वाजायच्या आधी पाहिलं, फीड थांबवला, गॅस्केट झिजलं होतं, बदललं.