सहजीवनाचे मोल कोणी द्यायचे?

वर्धा जिल्ह्यातील १९७० सालचे बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. गाभा क्षेत्र जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. साहजिकच वाघ सेलू तालुक्यातील कपाशी-तुरीच्या शिवारांत येतो. तरीही वाघदेवाला हात जोडणारा येथील खेडूत सहसा त्याच्या जिवावर उठत नाही. या सोशिकतेला आपण ‘सहजीवन’ हे गोंडस नाव दिले आहे. वस्तुतः लाभ साऱ्या समाजाचा आणि तोटा जंगलाकाठच्या कुटुंबाचा, असा हा विषम व्यवहार आहे. रात्रीच्या विजेवर ओलित करणारा शेतकरी जीव मुठीत धरून अंधारात उभा राहतो. माणूस दगावल्यावर २५ लाख रुपये देणाऱ्या शासनाने तो जगावा म्हणून दिवसा वीज द्यावी. सहजीवन हा गरिबांवरील छुपा कर ठरता कामा नये.