आधी ताळेबंद, मग वापर

उन्हाळा लागला की श्रीगोंदा तालुक्यात एकच प्रश्न कानी पडतो : आवर्तन कधी सुटणार? पर्जन्यछायेतील या तालुक्याला घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी हात दिला. ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले, घरांत चार पैसे खेळू लागले. पाण्याचा हिशेब मात्र मागेच राहिला. एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी खर्ची पडते, हे चहात जादा चमचा घालताना कोणाच्या ध्यानात येते?

शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजारने वेगळी वाट धरली. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेली जलसंधारणाची कामे सर्वश्रुत आहेत. त्याहून मोलाचा आहे तो गावाचा ताळेबंद. पडलेला पाऊस मोजायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर ग्रामसभेत पिके ठरवायची. शेतीसाठी कूपनलिका नाही, उसासारखे तहानलेले पीक नाही. बंधारे पुष्कळ गावांनी बांधले. स्वतःवर मर्यादा थोड्यांनीच घालून घेतली.

आपल्या घरांत नेमके उलटे घडते. आधी खर्च होतो, महिनाअखेरीस हिशेब लागतो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी वीस लिटर पाणी वाया घालवतो. साठ वॅटचा दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्याला नऊ युनिट वीज जाते. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. ही बचत बिलात दिसते आणि निसर्गाच्या खात्यावरही जमा होते.

परंतु येथेच एक फसगत आहे. ठिबकने वाचलेले पाणी आणखी एक एकर उसाला दिले, तर विहिरीची पातळी वाढत नाही. तसेच विजेत वाचलेले पैसे गरज नसलेल्या खरेदीत गेले, तर काटकसर फक्त नावाला उरते. म्हणूनच आपल्या परंपरेने अपरिग्रहाला यमांत स्थान दिले. तो दारिद्र्याचा गौरव नव्हे. 'पुरे' कोठे म्हणायचे, हे ठरविण्याचा विवेक आहे.

एका घराच्या संयमाने कालवा भरून वाहणार नाही, हे खरे. पण ज्याने घरात कधी मर्यादा आखली नाही, तो ग्रामसभेत ती मान्य कशी करणार? हिवरे बाजारचा धडा गिरवायचा, तर पहिली ओळ घरच्या वहीत लिहावी लागेल.